‘रोबोकॉप’चा रिमेक मूळ सिनेमाशेजारी ठेवून कसा पाहावा

२०१४ चा ‘रोबोकॉप’ आला तेव्हा त्याच्याकडून फारशा अपेक्षा नव्हत्या, आणि त्याला कारणं होती. गोष्ट दोन्हींची एकच: मरणासन्न झालेल्या मर्फी या पोलिसाला एक कंपनी अर्धा माणूस, अर्धं यंत्र असा ‘रोबोकॉप’ बनवते. १९८७ चा मूळ सिनेमा पॉल व्हरहोव्हनचा. त्याच दिग्दर्शकाच्या ‘टोटल रिकॉल’चा रिमेक दोनच वर्षांपूर्वी येऊन विसरलाही गेला होता. मूळ ‘रोबोकॉप’मधल्या रक्तपातामुळे अमेरिकेत एक्स (फक्त प्रौढांसाठी) सर्टिफिकेट मिळत होतं, ते टाळायला अनेकदा कात्री लावावी लागली, नवा मात्र पीजी-१३, म्हणजे किशोरवयीनांनाही चालणारा. शिवाय चंदेरी चिलखत जाऊन काळं आलेलं. एवढं सगळं असूनही ब्राझीलच्या जोझे पाडिल्याचा हा सिनेमा पाहण्यासारखा निघाला. तो का निघाला हे परीक्षणात नेमकं सांगता यायचं असेल तर दोन्ही सिनेमे एका विशिष्ट पद्धतीने पाहावे लागतात. पुढे कथानक उघड होतं, हे आधीच सांगून ठेवतो.

कॉपी कोणती?

१९८७ च्या सिनेमाच्या दोन आवृत्त्या मिळतात. चित्रपटगृहातली साधारण १०२ मिनिटांची, आणि कापलेला मजकूर परत जोडलेली, मिनिटभराने लांब. दुसरी घ्या. बोर्डरूममध्ये ईडी-२०९ यंत्रमानव एका तरुण अधिकाऱ्याला गोळ्या घालतो, तो प्रसंग तिच्यात इतका ताणला आहे की भीतीपलीकडे जाऊन हसू येतं. व्हरहोव्हनला तेच हवं होतं. कापलेल्या आवृत्तीत तो प्रसंग फक्त क्रूर वाटतो. लांब आवृत्ती मुलांसोबत पाहायची नाही. मर्फीचा हात बंदुकीने उडवतात ते दृश्य मोठ्यांनाही जड जातं.

२०१४ चा सिनेमा सुमारे दोन तासांचा आहे. टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्या दिसायला हव्यात. चित्र पडदाभर पसरलं असेल तर टीव्हीची झूम सेटिंग बंद करा, नाहीतर दोन्ही बाजूंचा भाग कापला जातो. डबिंग टाळा, इंग्रजी ऐका आणि सबटायटल लावा. गॅरी ओल्डमनचा शास्त्रज्ञ डॉ. नॉर्टन जे काही सोसतो ते बरंचसं आवाजातच आहे.

आधी कोणता?

दोन्ही पाहिले नसतील तर आधी रिमेक. हा सल्ला उलटा वाटेल, पण मूळ सिनेमाचा तिरकस विनोद एकदा डोक्यात बसला की नव्याचा गंभीरपणा कंटाळवाणा वाटू लागतो आणि त्यात काय चाललंय तिकडे लक्षच जात नाही. मूळ सिनेमा पूर्वी पाहिला असेल तर लगेच उजळणी करू नका. आधी रिमेक, मग किमान एक दिवस सोडून मूळ.

बसण्यापूर्वी एका कागदावर पाच ओळी लिहा: या सिनेमाकडून तुम्हाला काय अपेक्षा आहे, चांगली किंवा वाईट. हे टाळलं तर ‘अपेक्षेपेक्षा बरा’ हे वाक्य पोकळ राहतं, कारण अपेक्षा काय होती हे सिनेमा संपल्यावर प्रामाणिकपणे आठवत नाही.

त्याच कागदाच्या मागे तीन प्रश्न लिहा. या क्षणी शरीर कोण चालवतंय? आपण कोण आहोत हे मर्फीला माहीत आहे का? यातून पैसा कोणाला मिळतो? प्रत्येक मोठ्या प्रसंगानंतर तिन्हींपुढे एकेक शब्द टाका. मूळ सिनेमात दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’कडून ‘हो’कडे जातं: कंपनीने पुसलेली आठवण हळूहळू परत येते. रिमेकमध्ये मर्फी शुद्धीवर येतो तेव्हा त्याला सगळं आठवतंय, आणि ते जाणतेपण त्याच्याकडून पायरीपायरीने काढून घेतलं जातं. दोन्ही सिनेमांचा प्रवास विरुद्ध दिशेने आहे. हे ध्यानात आलं की ‘मुळासारखं का नाही’ ही तक्रार बरीचशी गळून पडते.

थांबून पाहायचे प्रसंग

*तेहरान.* रिमेकची सुरुवात टीव्ही कार्यक्रमाने होते. सॅम्युएल एल. जॅक्सनचा सूत्रसंचालक पॅट नोव्हाक अमेरिकी यंत्रमानवांची रस्त्यावरची गस्त थेट दाखवतो. स्वयंपाकघरातली सुरी घेतलेला एक मुलगा ईडी-२०९ समोर येतो. इथे हिंसा मोजत बसू नका, प्रक्षेपण कुठल्या क्षणी तोडलं जातं ते पाहा. मूळ सिनेमातल्या खोट्या बातम्या आणि जाहिराती यांचं काम इथे एकटा नोव्हाक करतो.

*प्रयोगशाळा.* रिमेकमधला सर्वोत्तम प्रसंग, दोनदा पाहावा असा. मर्फी स्वतःला पाहायला मागतो. डॉ. नॉर्टन यंत्राचे भाग एकेक करून दूर करतो आणि उरतं ते डोकं, फुप्फुसं, हृदय आणि एक हात. रक्ताचा थेंब नाही, तरी मूळ सिनेमातल्या कुठल्याही गोळीबारापेक्षा हे अंगावर येतं. पीजी-१३ म्हणजे बोथट, हे गृहीतक इथे मोडतं. आता मूळ सिनेमातला जोडप्रसंग काढा: डॉक्टर सांगतात की डावा हात वाचवता आला, आणि अधिकारी तोही काढून टाकायला सांगतो. एका कंपनीला हात नको आहे, दुसरीला हवा आहे. तुलनेसाठी एकच जोडी निवडायची तर ही निवडा.

*चाचणी.* मर्फी यंत्रमानवापेक्षा हळू पडतो, कारण माणूस गोळी झाडण्यापूर्वी विचार करतो. उपाय म्हणून लढाईच्या वेळी निर्णय सॉफ्टवेअर घेतं, पण मर्फीला मात्र वाटत राहतं की तो आपणच घेतला. पहिल्या प्रश्नापुढे ‘मर्फी’ लिहिलं असेल तर इथे खोडावं लागतं. (शास्त्रज्ञ डेनेट नॉर्टन, मर्फीला बनवणाऱ्या कंपनीचा प्रमुख सेलर्स, सिनेटर ड्रायफस: मन आणि यंत्र यांवर लिहिणाऱ्या तत्त्वज्ञांची नावं ओळीने दिसतात.) पुढे लोकांसमोर आणायच्या ऐन वेळी मेंदूतलं डोपामिन हे रसायन कमी करून भावनाही खाली ओढतात.

*घर.* १९८७ मध्ये बायको-मुलगा दूर निघून गेलेले, रिकामं घर विकायला आहे आणि पडद्यावरचा विक्रेता बडबडतोय. २०१४ मध्ये दोघंही समोर उभे आहेत आणि नवऱ्याला ते दिसेनासे होतायत. मूळ जास्त परिणामकारक आहे, पण रिमेकने तोच प्रसंग पुन्हा काढला नाही हे बरं केलं.

कुठे घसरतो

खलनायक हलका आहे. मूळमधल्या क्लॅरेन्स बॉडिकर या गुंडाची आठवण राहते. इथला शस्त्रांचा तस्कर व्हॅलन सिनेमा अर्ध्यावर असतानाच पुसट होतो. अंधाऱ्या गोदामातली चकमक बंदुकांच्या उजेडात चालते. खोलीतले दिवे चालू असतील तर काहीच कळत नाही, तेवढ्यासाठी दिवे घालवा.

खरी चूक शेवटी आहे. लाल पट्टा घातलेल्या माणसावर मर्फीला गोळी झाडता येत नाही आणि सेलर्सच्या हातात तो पट्टा आहे. मूळ सिनेमात अशीच अडचण होती: कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यावर मर्फीला हात उचलता येत नव्हता. तिथे कंपनीचा प्रमुख गुन्हेगार अधिकाऱ्याला जागेवर नोकरीवरून काढतो आणि नियम आपोआप गळतो. उत्तर व्यवस्थेच्या आतूनच येतं, म्हणून हशा आणि टाळी दोन्ही मिळते. रिमेकमध्ये मर्फी केवळ इच्छाशक्तीने बंधन तोडतो. इच्छा हाच भास आहे असं तासभर सांगून झाल्यावर इच्छेनेच काम भागवणं म्हणजे स्वतःच्या मांडणीतून पळ काढणं.

लिहायला बसल्यावर

५०० ते ६०० शब्द पुरतात. त्यात दोन सिनेमांची तुलना जास्तीत जास्त तीन प्रसंगांची. चौथ्यापासून परीक्षणाची यादी होते. जुने संवाद आणि जुनी धून कुठे कुठे वाजली याची नोंद टाळा, तिने सिनेमा चांगला-वाईट ठरत नाही. शेवटच्या पंधरा मिनिटांतलं काही उघड करायचं असेल तर आधी वेगळ्या ओळीत इशारा द्या.

पाडिल्याची पार्श्वभूमी एका वाक्यात यावी: त्याचा ‘एलिट स्क्वॉड’ रिओच्या पोलिसी हिंसेवर होता आणि २००८ मध्ये त्याला बर्लिन चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, गोल्डन बेअर, मिळाला. पोलीस आणि टीव्ही यांच्यातलं साटंलोटं त्याला नवं नव्हतं.

मत देण्याआधी आठवडाभर थांबा आणि फक्त प्रयोगशाळेचा प्रसंग आणि शेवट पुन्हा पाहा. अपेक्षा कमी असली की साधारण सिनेमाही पहिल्या रात्री चांगला वाटतो. मग तो पाच ओळींचा कागद काढा आणि चुकीच्या ठरलेल्या ओळी खोडा. खोडलेल्या ओळींमध्ये परीक्षणाचा मुख्य मुद्दा सापडतो. न खोडलेल्यांमधली एक निवडून उणिवांच्या परिच्छेदाची सुरुवात करा.