मेलानोमाच्या अभ्यासातील माहितीचे विश्लेषण कसे करावे

मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावरील संशोधनात संख्याशास्त्रज्ञाची मदत अभ्यासाचा आराखडा ठरतानाच घ्यावी, कारण नमुना अपुरा असल्यास नंतर कोणतेही सॉफ्टवेअर ती उणीव भरून काढू शकत नाही. एकाच रुग्णाच्या अंगावरील अनेक डाग परस्परांपासून स्वतंत्र नसतात. त्यांना स्वतंत्र मानल्यास अनिश्चितता प्रत्यक्षापेक्षा कमी भासते. म्हणूनच छायाचित्रांवरून निदान करणारे संगणकीय प्रारूप घडवताना एका रुग्णाची सर्व छायाचित्रे प्रशिक्षण किंवा चाचणी यांपैकी एकाच संचात ठेवावीत, अन्यथा अचूकता फसवी फुगते. ब्रेस्लो जाडी, म्हणजे गाठ त्वचेत किती खोल गेली आहे याचे माप, मोजली तशीच मिलिमीटरमध्ये नोंदवावी. 1, 2 आणि 4 मिलिमीटर या सीमा रोगाची अवस्था ठरवण्यासाठी आहेत, आणि विश्लेषणात केवळ तेवढेच गट ठेवल्यास बरीच माहिती वाया जाते.

पाठपुराव्यातून गळालेले रुग्ण वगळू नयेत (हा मोह फार होतो). त्यांचा शेवटच्या भेटीपर्यंतचा काळ कापलान-मायर या, काळानुसार किती रुग्ण जिवंत राहतात याचा अंदाज देणाऱ्या, पद्धतीत गणला जातो. कॉक्स प्रारूप (विविध घटकांचा धोक्यावरील परिणाम मोजणारे) वापरताना दोन गटांतील धोक्याचे गुणोत्तर कालानुसार स्थिर राहते का, हे तपासावे. इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणाऱ्या उपचाराचा, परिणाम उशिरा दिसू शकत असल्याने तेथे हे गृहीतक ढासळू शकते. निष्कर्ष मांडताना पी-मूल्यासोबत (खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) 95 टक्के विश्वासांतरही (अंदाजातील अनिश्चितता दाखवणारा पल्ला) द्यावे.