अपडेटनंतर ब्राउझरमधील मराठी मजकूर बिघडला तर काय करावे

काल रात्रीपर्यंत व्यवस्थित दिसणारे पान सकाळी उघडावे, तर अक्षरांच्या जागी ठिपक्यांचा चिखल, जोडाक्षरे तुटलेली किंवा पानाचा अर्धा भाग काळा, असा अनुभव सॉफ्टवेअर अपडेटनंतर अनेकांना येतो. अशा वेळी ब्राउझर काढून पुन्हा बसवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो बहुधा वाया जातो, कारण ब्राउझर काढला तरी ग्राफिक्स ड्रायव्हर (पडद्यावर चित्र उमटवणारी चिप चालवणारे सॉफ्टवेअर), विंडोजचे फाँट आणि पुष्कळदा वापरकर्त्याचे प्रोफाइल (ब्राउझरमधील त्याच्या सेटिंग्ज व साठवलेली माहिती) हेही जागच्या जागी राहते, आणि दोष बहुतेक वेळा यांपैकीच एकात असतो.

म्हणून आधी नेमके काय बदलले, हे पाहावे. क्रोम आणि फायरफॉक्स यांच्या नव्या आवृत्त्या दर काही आठवड्यांनी येतात, विंडोजचे सुरक्षा अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येते, आणि त्याच वाटेने ग्राफिक्स ड्रायव्हरही न विचारता बदलला जाऊ शकतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘विंडोज अपडेट’खाली ‘अपडेट हिस्टरी’ असते आणि तिच्यात ड्रायव्हरची नोंद वेगळ्या शीर्षकाखाली सापडते. बिघाड सुरू झाल्याची आणि त्या नोंदीची तारीख जुळली, तर निम्मे काम तेथेच होते.

त्यानंतर दोष पानाचा की ब्राउझरचा, हे ठरवावे. कंट्रोल, शिफ्ट आणि आर या कळा एकत्र दाबल्या की साठवलेली जुनी प्रत बाजूला ठेवून पान नव्याने मागवले जाते. एकाच संकेतस्थळाची मांडणी विस्कटली असेल, तर तेवढ्याने भागते. अक्षरे केवळ अवाच्या सवा मोठी किंवा बारीक झाली असतील, तर कंट्रोल आणि शून्य दाबून झूम मूळ पदावर आणावा. नंतर तेच पान इन्कॉग्निटो (खासगी) विंडोत उघडावे. तेथे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे पूरक प्रोग्राम) सहसा बंद असतात, त्यामुळे पान तेथे नीट दिसले, तर एक्स्टेन्शन एकेक करून बंद करत दोषी शोधावे. पानाचे रंग गडद करणारी एक्स्टेन्शन या यादीत सर्वांत वर धरावीत. फायरफॉक्समध्ये याच कामासाठी ‘हेल्प’ मेनूत ‘ट्रबलशूट मोड’ आहे. दुसऱ्या ब्राउझरमध्ये पडताळणी करताना मात्र एक चूक वारंवार होते. क्रोम आणि मायक्रोसॉफ्टचा एज हे दोन्ही क्रोमियम या एकाच पायाभूत सॉफ्टवेअरवर उभे असल्याने क्रोममधला दोष एजमध्येही दिसला, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही; तुलना फायरफॉक्सशीच करावी.

सर्व पानांवर, आणि विशेषतः वरखाली सरकवताना, अक्षरे फाटत असतील, काळे पट्टे येत असतील किंवा पान लुकलुकत असेल, तर संशय ग्राफिक्सवर घ्यावा. आजचे ब्राउझर पान रंगवण्याचे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवतात, आणि नवा ब्राउझर व जुना ड्रायव्हर यांचे, किंवा उलट, पटले नाही की ही लक्षणे दिसतात. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबल्यास ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. पडदा क्षणभर काळा होतो, त्याने घाबरू नये. फरक न पडल्यास क्रोमच्या सेटिंग्जमधील ‘सिस्टिम’ विभागात ग्राफिक्स ॲक्सिलरेशनचा (पान रंगवण्याचे काम चिपकडे देण्याचा) खटका बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करावा. फायरफॉक्समध्ये हा पर्याय ‘जनरल’ विभागातील ‘परफॉर्मन्स’खाली असून आधी शिफारस केलेल्या सेटिंग्जवरची खूण काढल्यावरच तो दिसतो.

एवढ्याने दोष गेला, तर तो ड्रायव्हरच्या बाजूचा आहे, किंवा ब्राउझरने ग्राफिक्ससाठी साठवलेल्या जुन्या फायलींचा आहे. ही दुसरी शक्यता फारसे कोणी लक्षात घेत नाही. ब्राउझर पान रंगवण्याच्या सूचना चिपला कळतील अशा रूपात तयार करून ठेवतो, आणि ड्रायव्हर बदलल्यावर तो साठा विसंगत ठरला की अक्षरांचा लगदा होतो. लिनक्स या कार्यप्रणालीवर मेसा नावाच्या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या अपडेटनंतर हे अनेकदा घडलेले आहे. क्रोममध्ये ॲड्रेस बारमध्ये chrome://version लिहून उघडणाऱ्या ‘व्हर्जन’ या अंतर्गत पानावर प्रोफाइलच्या फोल्डरचा पत्ता मिळतो. ब्राउझर पूर्ण बंद करून त्या फोल्डरातील ‘जीपीयूकॅशे’ (GPUCache) हे फोल्डर, आणि एक पायरी वरच्या फोल्डरातील ‘शेडरकॅशे’ (ShaderCache) हे फोल्डर काढून टाकावे. ती आपोआप पुन्हा तयार होतात, आणि पासवर्ड किंवा बुकमार्क यांना धक्का लागत नाही.

ड्रायव्हरच बदलायचा असेल, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘डिस्प्ले ॲडॅप्टर्स’ उघडावे. तेथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’ असे नाव दिसले, तर खरा ड्रायव्हर चालत नाही, आणि पडदा धूसर दिसण्याचे कारणही तेच आहे. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तो घ्यावा. बिघाड ड्रायव्हरच्याच अपडेटपासून सुरू झाला असेल, तर त्या नावाच्या गुणधर्मांमधील (‘प्रॉपर्टीज’) ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने मागे जावे, जुनी प्रत शिल्लक नसेल तर हे बटण फिके दिसते.

आता खास मराठीचा प्रश्न. येथे ड्रायव्हरशी झगडण्यात अर्थ नसतो, कारण इंग्रजी मजकूर स्वच्छ आणि फक्त देवनागरी बिघडलेली असेल, तर दोष फाँटचा असतो. तपासणीसाठी ‘ॲप, दऱ्या, लक्ष्मी, वाङ्मय’ असे चार शब्द ॲड्रेस बारमध्ये नव्हे, तर एखाद्या पानावर पाहावेत. सगळेच चौकोन दिसले, तर देवनागरी फाँट मुळातच नाही. विंडोजवर हे क्वचित होते, लिनक्सवर होते, आणि तेथे नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी बसवावा. केवळ ‘ॲ’च्या जागी चौकोन आला, तर वापरात असलेला फाँट जुना आहे, कारण हे अक्षर युनिकोड या संगणकीय अक्षरांच्या जागतिक प्रमाणकात २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. अक्षरे सगळी आहेत, पण जोडाक्षरांऐवजी पाय मोडलेली व्यंजने दिसत आहेत, तर त्या फाँटमध्ये ती जोडाक्षरे नाहीत किंवा ती जुळवण्याचे नियम अपुरे आहेत.

विंडोज ७ वरून १० वर आलेल्यांना आणखी एक फरक जाणवतो. मंगल हा देवनागरी फाँट विंडोज १० मध्ये सरसकट येत नाही. तो कोकिला, अपराजिता या फाँटसोबत ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ या ऐच्छिक संचात ठेवलेला आहे. मंगल मागणाऱ्या पानावर मग निर्मला हा विंडोजचा दुसरा फाँट दिसतो आणि ओळींची उंची बदलते. सेटिंग्जमध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’ शोधून तो संच बसवावा. फायरफॉक्समध्ये ‘फाँट्स’च्या ‘ॲडव्हान्स्ड’ चौकटीत देवनागरी ही लिपी निवडून तिच्यासाठी स्वतंत्र फाँट ठरवता येतो, आणि पानांना स्वतःचा फाँट वापरू द्यायचा की नाही, हेही तेथेच ठरते. अपडेटनंतर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसू लागले, तर मात्र वापरकर्त्याने सेटिंग्जमध्ये वेळ घालवू नये. नोटोसारखे फाँट मराठी वळण तेव्हाच दाखवतात, जेव्हा पान लिहिणाऱ्याने त्याची भाषा मराठी अशी नोंदवलेली असते. हिंदीची नोंद तशीच पुढे चालू ठेवलेली मराठी पाने कमी नाहीत, आणि ती दुरुस्त करणे संकेतस्थळाच्या चालकांनाच शक्य असते.

विंडोज ७ किंवा ८.१ वरच असलेल्यांसाठी क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती आहे. तिच्यात नव्या पद्धतीने लिहिलेली पाने विस्कटली, तर वरील कोणताही उपाय लागू पडणार नाही. अँड्रॉइड फोनवर ब्राउझर नीट, पण इतर ॲपमधील पाने कोरी किंवा बंद पडत असतील, तर ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’ हा ॲपमध्ये वेबपाने दाखवणारा घटक प्ले स्टोअरवरून अद्ययावत करावा. मार्च २०२१ मध्ये याच घटकाच्या एका सदोष अपडेटमुळे जीमेलसह अनेक ॲप उघडताच बंद पडत होती.

ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करून काम भागवले असेल, तर ते तात्पुरतेच समजावे. पान रंगवण्याचा आणि व्हिडिओ उलगडण्याचा सगळा भार त्यामुळे मुख्य प्रोसेसरवर पडतो, लॅपटॉप तापतो आणि बॅटरी लवकर उतरते. ड्रायव्हरची पुढची आवृत्ती आली की खटका पुन्हा चालू करून पाहावा.