गृहकर्जात जादा पैसे भरताय? ते मुद्दलातून वळते झाले का, ते बघा

पैसे भरणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. मोबाइलवर दोन मिनिटांत होतं आणि बँकेचा आभाराचा मेसेजही येतो. ते पैसे मुद्दलातून वळते झाले का, आणि झाले असतील तर हप्ता घटला की मुदत, हे मात्र फारसं कुणी बघत नाही. मग चार-पाच वर्षांनी स्टेटमेंट उघडल्यावर कळतं की दरवर्षी पोटाला चिमटा काढून भरलेल्या रकमेतून हवा तो फायदा झालेलाच नाही.

एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. कर्ज ४० लाख, दर ८.५ टक्के, मुदत २० वर्षे, म्हणजे २४० हप्ते. हप्ता येतो ३४,७१३ रुपये. पहिल्या हप्त्यातले २८,३३३ व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं फक्त ६,३८० रुपये. तीन वर्षांत साडेबारा लाख भरून झाल्यावर मुद्दल कमी होतं २ लाख ६१ हजारांनी. बाकी राहते ३७,३९,४४०, आणि हप्ते उरतात २०४. या टप्प्यावर हातात तीन लाख आले आहेत असं समजा.

आधी कुठल्या पैशांना हात लावायचा नाही

सहा महिन्यांचा घरखर्च, त्यात कर्जाचा हप्ताही धरून, बाजूला असलाच पाहिजे. बँकेत एकदा भरलेले पैसे नोकरी गेली म्हणून परत मागता येत नाहीत. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती आधी साफ करा. तिथे महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं, गृहकर्ज त्याच्यापुढे किरकोळ आहे. त्यानंतर पर्सनल लोन. मग गृहकर्ज.

त्या सहा महिन्यांच्या सोयीपलीकडे एफडी पडून असेल तर ती ठेवण्यात अर्थ नाही. एफडीच्या व्याजावर कर लागतो, तो वजा जाता हातात येणारा दर साधारणपणे कर्जाच्या दरापेक्षा कमीच असतो.

‘व्याजावर करसवलत मिळते, मग कर्ज फेडायची घाई कशाला?’ हा सल्ला देणाऱ्याला आधी विचारा की कोणत्या करप्रणालीबद्दल बोलताय. नव्या प्रणालीत, स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट मिळतच नाही. जुन्या प्रणालीत ती वर्षाला जास्तीत जास्त २ लाख (दोघं सहमालक आणि सहकर्जदार असतील तर प्रत्येकी). आपल्या उदाहरणात पहिल्याच वर्षीचं व्याज ३ लाख ३७ हजारांच्या आसपास आहे, म्हणजे एकट्या कर्जदाराला वरच्या १ लाख ३७ हजारांवर छदामही मिळत नाही. आणि ज्यावर वजावट मिळते तिथेही, तीस टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस शंभर रुपये व्याज देऊन तीसेक रुपये कर वाचवतो. सत्तर गेले ते गेलेच.

दर तपासा, मग भरा

हे काम दहा मिनिटांचं आहे आणि बहुतेक जण ते गाळतात. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) बाहेरच्या दराला जोडलेली असतात. तुमचं कर्ज त्याआधीचं असेल आणि अजून एमसीएलआर किंवा बेस रेट या बँकेने स्वतः ठरवलेल्या जुन्या पद्धतीच्या दरांवरच चालू असेल, तर दर बदलून मागा. कर्ज नवं असलं तरी आज येणाऱ्या ग्राहकाला बँक काय दर देते ते विचारा. ३५ लाखांच्या बाकीवर अर्धा टक्का म्हणजे पहिल्या वर्षातच सतरा हजारांच्या वर रक्कम. त्यासाठीचं रूपांतर शुल्क किती ते विचारा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा. गृहवित्त कंपन्यांना बाहेरच्या दराला जोडण्याची सक्ती नाही, त्यामुळे तिथे ही विचारणा दरवर्षी करावी.

वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क घेता येत नाही. काउंटरवर कुणी दोन टक्के सांगितले तर ते लेखी मागा, बहुतेकदा विषय तिथेच मिटतो. दर फिक्स्ड असेल तर मात्र करारात काय लिहिलंय ते वाचा.

हप्ता की मुदत

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

तीन लाख भरल्यावर बाकी ३४,३९,४४० होते. आता दोन रस्ते आहेत. मुदत २०४ महिनेच ठेवून हप्ता कमी केला, तर तो ३१,९२८ होतो. महिन्याला २,७८५ रुपये सुटतात, घरात बरं वाटतं, आणि शेवटपर्यंत व्याजात वाचतात साधारण २ लाख ६८ हजार. दुसरा रस्ता म्हणजे हप्ता ३४,७१३ तसाच ठेवायचा. मग कर्ज १७२व्या हप्त्याला संपतं. ३२ महिने कमी, आणि व्याजात वाचतात सुमारे ८ लाख ३० हजार. भरलेले तीन लाख तेच, दिवसही तोच.

यावर हिशेबी माणूस लगेच म्हणेल की सुटलेले २,७८५ दर महिन्याला पुन्हा कर्जात भरले तर दोन्ही सारखंच पडेल. कागदावर अगदी बरोबर. पण ते २,७८५ दर महिन्याला आठवणीने परत भरणारं घर विरळा. ते किराणा, पेट्रोल आणि फोनच्या रिचार्जमध्ये कधी मिसळून जातात ते कळतही नाही. म्हणून माझं मत पक्कं आहे: हप्ता झेपत असेल तर मुदतच कमी करा. उत्पन्न घटलंय, हप्ता ओढताना दम लागतोय, तेव्हाच हप्ता कमी करा, आणि तेव्हा त्यात कमीपणा मानू नका.

तिसरा प्रकार या दोन्हींपेक्षा वाईट. कर्ज खात्याच्या नंबरवर तुम्ही नेटबँकिंगने सरळ तीन लाख पाठवता, आणि काही ठिकाणी सिस्टिम ते ‘ॲडव्हान्स ईएमआय’ म्हणून बाजूला ठेवते. पुढचे साडेआठ हप्ते त्यातूनच कापले जातात. मुद्दल एकदम उतरतच नाही, त्यामुळे व्याजही हलत नाही. तुम्ही बँकेला तीन लाख बिनव्याजी वापरायला दिलेत, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून ॲपमध्ये ‘पार्ट पेमेंट’ असा वेगळा पर्याय असेल तर तोच वापरा, आणि त्यात मुदत कमी करण्याची खूण केल्याशिवाय पुढे जाऊ नका. असा पर्याय नसेल तर शाखेत अर्ज द्या. तोंडी सांगून काही होत नाही. शाखेतला माणूस ‘करून टाकतो’ म्हणतो, पण नोंद करणारं लोन सेंटर दुसरीकडेच असतं. अर्ज असा लिहा:

‘माझ्या गृहकर्ज खाते क्र. ……… मध्ये दि. ……… रोजी रु. ३,००,००० भरत आहे. ही रक्कम मुद्दलाची अंशतः मुदतपूर्व परतफेड म्हणून मुद्दलातून वळती करावी, आगाऊ हप्ता म्हणून ठेवू नये. मासिक हप्ता रु. ३४,७१३ कायम ठेवून मुदत कमी करावी आणि परतफेडीचं सुधारित वेळापत्रक द्यावं.’

दोन प्रती काढा. एकीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या, आणि तोच मजकूर बँकेच्या ईमेलवरही पाठवा. पुढे वाद झालाच तर हा शिक्का कामाला येतो.

कधी भरायचं? करारात व्याज रोजच्या बाकीवर आकारतात की महिन्याच्या, ते बघा. रोजच्या बाकीवर असेल तर पैसे आले की भरून टाका, हप्त्याच्या तारखेची वाट बघू नका. महिन्याच्या बाकीवर असेल तर व्याज मोजण्याच्या तारखेच्या दोन-तीन दिवस आधी भरा. ती तारीख उलटल्यावर दुसऱ्या दिवशी भरलेत तर जवळपास महिनाभर त्या पैशाचा उपयोग शून्य. काही ठिकाणी किमान एक-दोन हप्त्यांइतकी रक्कम असल्याशिवाय पार्ट पेमेंट घेत नाहीत, तेही आधीच विचारून घ्या.

एका गुणाकारात तपासणी

पुढचा हप्ता गेला की स्टेटमेंट काढा आणि त्या महिन्याचं व्याज बघा. बाकी गुणिले दर भागिले १२००, बस. ३४,३९,४४० × ८.५ ÷ १२०० = २४,३६३. रोजच्या बाकीवर व्याज असेल तर महिना ३० दिवसांचा की ३१चा यावरून तीनशे ते पाचशे इकडे-तिकडे होतील, फेब्रुवारीत तर जवळपास दोन हजार कमी दिसतील. पण तिथे २६,४८८ च्या आसपास आकडा दिसला तर तीन लाख मुद्दलात गेलेलेच नाहीत. त्याच दिवशी शाखेत जा, शिक्क्याची प्रत घेऊन.

मुद्दल बरोबर उतरलं असेल तर सुधारित वेळापत्रकात शेवटच्या हप्त्याचा महिना बघा. २०४ च्या जागी १७२ दिसलं पाहिजे. हप्त्याचा आकडा बदललेला दिसला तर त्यांनी न विचारता पहिला रस्ता धरलाय. दुरुस्त करून घ्या.

दर वाढला की पुन्हा बघा

मुदत गुपचूप वाढण्याचं एक कारण म्हणजे दरवाढ. आपल्याच उदाहरणात, तीन लाख न भरता, दर ८.५ वरून ९.५ झाला आणि हप्ता तसाच ठेवला, तर २०४ चे २४३ हप्ते होतात. ३९ महिने वाढले, आणि खात्यातून कापली जाणारी रक्कम तीच राहिल्याने घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. मुदत २०४ वरच ठेवायची तर हप्ता ३७,०१२ करावा लागेल, म्हणजे महिन्याला २,३०० च जास्त. झेपत असेल तर मी हप्ता वाढवण्याच्याच बाजूने आहे.

हे मागायचा तुम्हाला हक्क आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता वाढवणं, मुदत वाढवणं किंवा दोन्ही थोडं थोडं, अशी निवड कर्जदाराला द्यायची आहे. शिवाय दर तिमाहीला आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्ता, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर दाखवणारं विवरणही उपलब्ध करून द्यायचं आहे. त्यातला ‘उरलेले हप्ते’ हा एकच आकडा दर तिमाहीला वहीत टिपून ठेवा. तो तीनपेक्षा कमीने उतरला असेल, किंवा चढला असेल, तर चौकशी करा.

दरवर्षी

एकदम तीन लाख कुणाकडे दरवर्षी नसतात. सुरुवातीपासून वर्षाला एकच जादा हप्ता मुद्दलात भरत गेलात तरी २० वर्षांचं हे कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी संपतं. पगारवाढीच्या महिन्यात हप्ताच पाच टक्के वाढवून घेतला तर आठवण ठेवायचीही गरज नाही. सुरुवातीची वर्षं महत्त्वाची. शेवटच्या चार वर्षांत धडपड करून फारसं व्याज वाचत नाही, तेव्हा ते पैसे गुंतवा.

कर्ज संपल्यावर

बँकेकडून एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचं ना-हरकत पत्र घ्या आणि कर्ज देताना बनवलेली कागदपत्रांची यादी समोर ठेवून मूळ कागद पानापानाने मोजून घ्या. पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत ते परत करायचे असतात. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. सेरसाई या तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीतली तारणाची नोंद बँकेने मिटवली का ते तपासा. जमीन किंवा बंगला असेल तर सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावरचा बोजा तलाठी अथवा नगर भूमापन कार्यालयात अर्ज करून कमी करून घ्या. फ्लॅट असेल तर सोसायटीच्या दफ्तरातही बँकेचा बोजा नोंदलेला असतो. एनओसीची प्रत सोसायटीला देऊन तो काढून घ्या आणि पोच जपून ठेवा.