घरचा जुना प्रिंटर खोलून बघताय? आधी या चुका टाळा

दिवाळीच्या आवराआवरीत दरवर्षी आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली एखादा तरी जुना प्रिंटर येऊन पडतो, यंदा दोन होते. त्यातला एक ऑल-इन-वन इंकजेट (ओल्या शाईने छापणारा, वर स्कॅनर असलेला) मी वर घेऊन आलो कारण भाची सुट्टीला आली होती, आठवीत आहे आणि "हे आतून कसं चालतं" हा प्रश्न तिला सतत पडतो. गॅलरीत जुने पेपर पसरले आणि दोन दुपारी बसून आम्ही तो पार शेवटच्या स्क्रूपर्यंत खोलला. माझे आतापर्यंत पाच-सहा प्रिंटर खोलून झालेत, पहिल्या दोघांची मी पूर्ण वाट लावली होती, आणि ज्या चुकांनी लावली त्याच चुका बाकीचे पण करताना दिसतात म्हणून सविस्तर लिहितोय. मोटरी, गिअर, बेल्ट, पंप, लेन्स, सेन्सर सगळं एका डब्यात मिळतं, घरातल्या दुसऱ्या कुठल्या वस्तूत हे इतकं एकत्र नसतं, त्यामुळे कोणी तो हातोडीने फोडला की मला खरंच वाईट वाटतं.

पहिली चूक म्हणजे भलताच प्रिंटर निवडणं. पहिल्यांदाच खोलणार असाल तर लेझर नको, इंकजेटच घ्या. लेझरमधे टोनरची अतिशय बारीक पूड असते, ती उडाली की घरभर होते आणि घरच्या व्हॅक्युम क्लीनरने ओढायची पण नसते कारण ती त्याच्या फिल्टरमधून आरपार जाऊन परत हवेत येते. शिवाय त्यातला फ्युझर, म्हणजे टोनर कागदावर वितळवून चिकटवणारा रोलर, चालू असताना १८०-२०० अंशांपर्यंत तापतो. आणि वॉरंटीतला किंवा रोज वापरातला प्रिंटर तर "जरा बघू" म्हणून उघडूच नका.

दुसरी चूक, बंद पडलेला आहे म्हणून थेट स्क्रू काढायला बसणं. निदान लाईट लागत असेल तर आधी एकदा चालू करा, झाकण उघडं ठेवून (आत हात न घालता) नुसतं बघा आणि ऐका. चालू केल्यावर कॅरेज, म्हणजे कार्ट्रिज बसतात तो डबा, एकदा या टोकाला जातो एकदा त्या टोकाला, मग कुठेतरी घुर्रर्र असा पंपाचा आवाज येतो, रोलर थोडा फिरतो. हे एकदा बघितलं की नंतर हातात आलेला प्रत्येक भाग काय करत होता ते कळतं, नाहीतर शेवटी टेबलावर नुसते प्लास्टिकचे तुकडे उरतात. बऱ्याच प्रिंटरमधे झाकण उघडल्यावर कॅरेज मधोमध येऊन थांबतं, तेव्हाच प्लग काढला तर ते तिथेच मोकळं राहतं आणि पुढचं काम सोपं होतं. हे फक्त मोडीत काढायच्या प्रिंटरसाठी बरं का. दुरुस्त करून परत वापरायचा असेल तर हेड, म्हणजे कॅरेजमधला शाई सोडणारा भाग, असं उघडं ठेवून दोन दिवस गेले की शाई सुकून त्याची नोझल (बारीक भोकं) बंद होतात.

प्लग काढला म्हणजे करंट संपला असं समजू नका

ही चूक सगळ्यात महागात पडू शकते. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट एसी येतो, पॉवर सप्लायमधे तो डीसी झाला की वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावर पण ते काही वेळ तसेच राहू शकतात. बऱ्याच घरगुती प्रिंटरमधे हा सप्लाय वेगळ्या काळ्या प्लास्टिकच्या डबीत बंद असतो, तर ती डबी अख्खी बाहेर काढा आणि बाजूला ठेवून द्या, उघडू नका, त्यात बघण्यासारखं असं फार काही नाहीये. स्क्रूड्रायव्हरने कपॅसिटर शॉर्ट करून "डिस्चार्ज" करायचे व्हिडिओ बघून ते घरी करायला जाऊ नका, मुलं सोबत असतील तर नाहीच नाही.

आता स्क्रू. अनेक प्रिंटरमधे साधे चौफुली स्क्रू नसतात, चांदणीसारखी सहा टोकं असलेले असतात, त्याला स्टार बिट लागतो आणि टी-८, टी-१० हे दोन साईज असले की बहुतेक काम होतं, पुण्यात बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतात. त्यात जबरदस्तीने साधा स्क्रूड्रायव्हर घातला की डोकं गोल होतं आणि मग तो स्क्रू निघतच नाही. काही स्क्रू फार खोल नळीत असतात त्यामुळे लांब दांड्याचा घ्या. काढलेले स्क्रू एकाच वाटीत टाकणं ही पण चूकच, कारण दिसायला सारखे पण लांबीला वेगळे असतात आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला की पलीकडचं प्लास्टिक फोडून बाहेर येतो. आमच्याकडे आईचा जुना मिसळणाचा डबा आहे, सात वाट्यांचा, त्यात एकेका थराचे स्क्रू एकेका वाटीत टाकत गेलो आणि प्रत्येक थराला मोबाईलवर फोटो काढत गेलो. परत लावताना स्क्रू आधी हळूच उलटा फिरवायचा, टक असं जाणवलं की जुन्या आट्यांवर बसला, मग आवळायचा, नाहीतर प्लास्टिकमधे नवे आटे पडतात आणि दोन-तीन वेळा तसं झालं की स्क्रू नुसता फिरत राहतो.

झाकण निघत नाही म्हणून जोर लावणं हे तर सगळेच करतात. निघत नाही याचा अर्थ जवळपास नेहमी हाच असतो की एक स्क्रू राहिलाय किंवा एक खटका दाबायचाय. राहिलेला स्क्रू स्टिकरखाली असतो, रबरी पायाखाली असतो, नाहीतर झाकणाच्या बिजागरीपाशी. बोटाने स्टिकर चाचपून बघा, खाली खड्डा लागतो. खटके सोडवायला लोखंडी काही घालू नका, जुनं एटीएम कार्ड उत्तम.

स्कॅनर आणि त्या चपट्या केबली

मी पहिल्या प्रिंटरमधे जी वाट लावली ती इथे. वरचा स्कॅनरचा भाग सुटला म्हणून एकदम उचलला आणि खालच्या बोर्डाला जोडलेली चपटी पांढरी केबल टर्रकन फाटली. ती केबल मुद्दामच आखूड असते, त्यामुळे चार बोटं उचला, खाली डोकावून बघा, केबल सोडवा, मग पूर्ण उचला. कनेक्टर दोन तऱ्हेचे असतात, काहीतून केबल सरळ ओढली की येते, काहींना बारीक पट्टीसारखा लॅच असतो तो नखाने आधी उघडायचा, तो न उघडता ओढलं की लॅच तरी तुटतो नाहीतर केबलचे चकचकीत पट्टे तरी निघून येतात. परत घालताना तिरकी घालू नका आणि टोकाला शाई लागली असेल तर पूर्ण पुसून, सुकवून मगच घाला, ओल्या केबलने शॉर्ट होऊन बोर्ड किंवा हेड जळू शकतं.

स्कॅनरची काच बऱ्याचदा दुहेरी चिकटपट्टीने बसवलेली असते, सुरीने उचकटली तर तडकते, हेअर ड्रायरने कडा गरम केल्या की सुटते. खाली एक लांब बारीक दांडी असते, तिच्या एका टोकाला लाल, हिरवा, निळा असे एलईडी आणि मधे ओळीने लावलेल्या शेकडो इवल्या लेन्स. हे तीन रंग आळीपाळीने लागतात आणि कागदाची एकेक ओळ तीनदा वाचली जाते, आपल्याला मात्र तो सगळा मिळून पांढरा उजेड दिसतो. ही दांडी मोडू नका, भिंगाखाली बघण्यासारखी आहे.

ती पारदर्शक पट्टी

आता ज्या एका वस्तूमुळे सगळ्यात जास्त प्रिंटर परत लावल्यावर चालत नाहीत ती. कॅरेजच्या मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पातळ पारदर्शक प्लास्टिकची पट्टी ताणून लावलेली असते, एका बाजूला बारीक स्प्रिंग असते. भाचीने ती काढली आणि म्हणाली "मामा, यावर तर काहीच नाहीये, नुसतं प्लास्टिक आहे." भिंग दिलं हातात. तिने पट्टी उजेडाकडे धरली, भिंग मागे-पुढे केलं आणि मग गप्पच झाली, कारण त्या "नुसत्या प्लास्टिक"वर शेजारी शेजारी हजारो काळ्या उभ्या रेघा असतात, अनेक प्रिंटरमधे इंचाला १५० किंवा १८०. कॅरेजच्या पाठीवर एक छोटा सेन्सर असतो, त्याच्या खाचेतून ही पट्टी जाते, सेन्सर रेघा मोजतो आणि त्यावरून प्रिंटरला कळतं की हेड आत्ता नेमकं कुठे आहे. १५० रेघा असल्या तर सेन्सर प्रत्येक रेघेमागे चार खुणा ओळखतो, म्हणजे इंचाला ६०० जागा. कॅरेज ओढणारी मोटर अगदी साधी डीसी असते, तिला स्वतःला कुठे थांबायचं काहीच कळत नाही, सगळी अचूकता या पट्टीत आहे.

म्हणून पट्टीला तेलकट बोटं लावायची नाहीत, ग्रीसचा डाग पडू द्यायचा नाही आणि पुसायचीच तर मऊ कोरड्या नाहीतर किंचित पाण्याने ओलसर फडक्याने. स्पिरिटने पुसली तर काही पट्ट्यांवरच्या रेघाच निघून जातात, मग ती पट्टी संपली. काढायच्या आधी कुठली बाजू वर होती त्याचा फोटो काढा आणि परत लावताना सेन्सरच्या खाचेतूनच गेलीये ना हे दोनदा बघा, मागून गेली असेल तर चालू केल्यावर कॅरेज धाडकन भिंतीवर आपटतं. कागद सरकवणाऱ्या रोलरच्या टोकाला अशीच रेघांची गोल चकती असते, तिच्याशी पण हेच वागायचं.

गिअरचं पण असंच, एका बाजूचं कव्हर काढलं की दहा-बारा पांढरे गिअर दिसतात आणि लगेच सगळे उपसून काढायचा मोह होतो. थांबा, आधी हाताने फिरवा! खूप प्रिंटरमधे एकच मोटर कागद आत घेते, पुढे सरकवते आणि शाई ओढणारा पंपही चालवते, आणि कुठलं काम करायचं ते कॅरेज ठरवतं, म्हणजे ते टोकाला जाऊन एक छोटा दांडा ढकलतं आणि गिअर बदलतो. पलीकडे रबरी टोपी असते, कॅरेज घरी, म्हणजे काम संपल्यावर थांबायच्या टोकाला, आलं की त्याच्याच धक्क्याने ती टोपी उतारावरून वर चढून हेडवर बसते, त्यासाठी वेगळी मोटर नाहीच. हे कोणी डिझाईन केलं त्याचं मला फार कौतुक वाटतं. गिअर मार्करने खूण न करता काढले तर हा ताळमेळ परत जुळवायला अख्खी संध्याकाळ जाते.

शाईबद्दल. हेड साफ करताना जी शाई वाया जाते ती सगळी प्रिंटरच्या तळाशी फेल्टच्या गाद्यांमधे मुरलेली असते, जुन्या प्रिंटरमधे भरपूर, त्यामुळे प्रिंटर उलटा किंवा आडवा करू नका, फरशीवर ओघळ येतो आणि तो डाग लवकर जात नाही. हातमोजे घाला. टाकीवाल्या प्रिंटरला तर हलवतानासुद्धा सरळ ठेवा. कार्ट्रिज काढल्यावर तांब्याच्या चकत्या आणि खालची नोझलची प्लेट बोटाने चोळू नका, भिंगाने बघा. कॅनन आणि एचपीच्या पद्धतीत प्रत्येक नोझलमागे एक सूक्ष्म हीटर असतो, तो सेकंदाच्या काही दशलक्षांश भागात शाई इतकी तापवतो की वाफेचा बुडबुडा होतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. कॅननमधे १९७७ साली गरम सोल्डरिंग आयर्न शाईच्या सिरिंजच्या सुईला लागला आणि शाई उडाली तिथून ही कल्पना आली, एचपीने स्वतंत्रपणे तेच शोधलं आणि त्यांचा थिंकजेट प्रिंटर १९८४ मधे बाजारात आला. एप्सन तापवत नाही, तिथे वीज दिली की वाकणारा पिझो घटक शाई ढकलतो. थेंब काही पिकोलिटरचा असतो, आणि पिकोलिटर म्हणजे एका लिटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक.

परत लावला आणि चालत नाहीये तर आधी हे बघा. कॅरेज आपटतंय किंवा मधेच अडकतंय, तर पट्टी, नव्वद टक्के वेळा पट्टीच. कागद नसताना "पेपर जॅम" दाखवतोय तर कागदाच्या वाटेवर एक छोटा काळा प्लास्टिकचा कान असतो, त्याची केसासारखी स्प्रिंग निसटली असणार, तो बोटाने दाबून सोडला की आपोआप परत यायला पाहिजे. स्कॅनरची एरर आली तर चपटी केबल अर्धवट बसलीये. झाकण लावून पण "झाकण उघडं आहे" म्हणत असेल तर झाकणाची दांडी ज्या स्विचवर पडते तिथे बघा. काहीच लाईट नाही तर सप्लायची वायर बोर्डाला लावायची राहिली का बघा. कागद घसरत असेल तर रबरी रोलर पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, आणि पावसाळ्यात कागद दमट होऊन दोन-दोन जात असेल तर तो रोलरचा दोष नाही, नवं पाकीट फोडून बघा.

आणि खोलून झाल्यावर सगळं भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकणं ही शेवटची चूक. स्टीलचा गुळगुळीत रॉड, बेल्ट, मोटरी, स्प्रिंगा ठेवून द्या, पुढच्या विज्ञान प्रदर्शनात लागतात, डीसी मोटरच्या तारांना लाल एलईडी लावून शाफ्टला दोरा गुंडाळून जोरात ओढला की तो लुकलुकतो, नाही लुकलुकला तर तारा उलट करून बघा. बोर्ड, सप्लाय, कार्ट्रिज हे ई-कचऱ्यात जायला हवं, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटर कार्ट्रिजसकट येतो, आणि पुण्यात "स्वच्छ" ही कचरावेचकांची संस्था ई-कचरा गोळा करते. शाईच्या गाद्या प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून त्यांच्याचबरोबर द्या, ओल्या कचऱ्यात नको. स्कॅनरची काच मात्र वेगळी, पेपरात दोनदा गुंडाळून, वर मोठ्या अक्षरात "काच" लिहून द्या, कचरा निवडणाऱ्या ताई त्यात उघड्या हाताने काम करतात.