बाळंतपणाची रजा आणि परत कामावर जाणं : आधी कॅलेंडर घेऊन बसा

दोन बाळंतपणं आणि कुपवाड एमआयडीसीतली अकाउंट्सची नोकरी, एवढ्या अनुभवावर लिहितेय, वकील-बिकील नाही मी. पहिल्या वेळी जवळजवळ सगळं चुकलं, दुसऱ्या वेळी बरंच जमलं.

आधी तारखांचा हिशोब, कारण घोळ तिथंच होतो. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा असते, ती डिलिव्हरीच्या आधी जास्तीत जास्त ८ आठवडे घेता येते आणि उरलेली नंतर. आता आपल्याकडं काय होतं, सातव्यात डोहाळजेवण झालं की आई न्यायला येते, "आता कशाला त्या धुळीत जातीस" म्हणते, आणि आपण ८ आठवडे आधीच माहेरी, माझ्या बाबतीत विट्याला, जाऊन बसतो. मी बसले. डिंकाचे लाडू खाल्ले, सिरीयल बघितल्या, वजन वाढवलं. आणि मग रजा संपली तेव्हा पोरगी चार महिन्यांची, फक्त अंगावर पिणारी, आणि मी गेटवर कार्ड पंच करतेय.

समजा तारीख १० जून दिलीय. १५ एप्रिलपासून रजा धरली तर १४ ऑक्टोबरला कामावर हजर, बाळ चार महिन्यांचं. तेच २७ मेपासून धरली तर २५ नोव्हेंबरला हजर, बाळ साडेपाच महिन्यांचं. साडेपाच आणि चार यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण सहा महिन्यांनी पेज, वरण-भात सुरू होतं आणि सगळा भार दुधावर राहत नाही. आणि आमच्या घरी अजून एक भानगड होती, सासर तासगाव भागातलं, द्राक्षबाग, ऑक्टोबरात छाटणी, म्हणजे सासूबाई नेमक्या त्याच महिन्यात बागेतनं हलू शकत नाहीत. बाळ सांभाळायला जे माणूस येणार आहे त्याचं कॅलेंडर आधी विचारा, मग रजेची तारीख लिहा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

अर्थात डॉक्टरांनी आराम सांगितला असेल, बीपी वाढलं असेल, तर हे गणित गुंडाळून ठेवा आणि घरी बसा. बाळंतपणामुळं आजारपण आलं किंवा बाळ दिवस भरायच्या आधी झालं तर सर्टिफिकेटवर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळते, ती वेगळी. गर्भपात झाला तर सहा आठवडे, हेही बऱ्याच जणींना माहीत नसतं आणि तिसऱ्या दिवशी कामावर येतात बिचाऱ्या. तिसऱ्या मुलासाठी मात्र १२ आठवडेच.

आता हक्क कुणाला. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेली दुकानं-ऑफिसं आली, कारखाने आले, आणि तुम्ही डिलिव्हरीच्या तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेलं पाहिजे. बास, "अजून कन्फर्म नाही" हे कारण चालत नाही. कॉन्ट्रॅक्टवरच्यांनाही आहे, सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये सांगितलंय की मधेच कॉन्ट्रॅक्ट संपलं तरी हा लाभ तिथं तुटत नाही. आधी हे १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली त्यात हेच आलंय. पगारातनं ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, कापला जात असेल (महिना २१ हजारांपर्यंत पगारवाल्यांचा कापतात) तर पैसे कंपनीकडून नाही, ईएसआयकडून मिळतात, त्यासाठी मागच्या दोन काँट्रिब्यूशन पिरियडमध्ये (वर्गणीचे सहा-सहा महिन्यांचे टप्पे) मिळून ७० दिवस भरलेले लागतात. जॉब बदलायचा विचार असेल तर हा आकडा मोजूनच बदला.

छोट्या युनिटमध्ये एक गंमत असते. माझ्या पहिल्या वेळी ऑफिसात सरळ सांगितलं, "आपल्याकडं तीनच महिने असतात." त्यांच्या डोक्यात २०१७ च्या आधीचे १२ आठवडे बसलेले, आणि मी पण मान हलवून आले! नंतर प्रिंट काढून दिल्यावर सुधारलं, पण महिनाभर डोकं खाल्लं. म्हणून भांडायचं नाही, तोंडी बोलायचंही नाही, ईमेल करायचा. मी दुसऱ्या वेळी असा टाकला, कॉपी करा हवा तर:

"महोदय, माझ्या प्रसूतीची अंदाजे तारीख १० जून आहे, डॉक्टरांचे सर्टिफिकेट जोडले आहे. मी २७ मेपासून २६ आठवडे प्रसूती रजेवर जात आहे. या काळात मी इतर कुठेही काम करणार नाही. रजेचा पगार माझ्या नेहमीच्या खात्यात जमा करावा, माझ्या अनुपस्थितीत तो स्वीकारण्यासाठी मी माझ्या पतीचे नाव देत आहे. कृपया पोच द्यावी."

"कुठेही काम करणार नाही" आणि नाव, या दोन ओळी मुद्दाम आहेत, नोटिशीत त्या लागतात. डिलिव्हरीआधीच्या दिवसांचे पैसे आगाऊ मिळायला पाहिजेत आणि उरलेले बाळ झाल्याचा पुरावा दिल्यावर ४८ तासांत. प्रत्यक्षात पगाराच्या तारखेलाच येतात बहुतेक ठिकाणी, तेवढं मी सोडून दिलं. रजेवर असताना कामावरून काढता येत नाही, ते मात्र सोडू नका. दवाखान्याची सोय कंपनीनं फुकट दिली नसेल तर ३५०० रुपये मेडिकल बोनस पण आहे, मागितल्याशिवाय कोण देत नाही.

ज्या बायका घरकाम, शेतमजुरी करतात किंवा दोन माणसांच्या दुकानात आहेत त्यांना यातलं काही नाही. त्यांनी अंगणवाडी ताई नाहीतर आशाताईंना गाठायचं, मातृ वंदना योजनेत अटीत बसलं तर पहिल्या बाळाला ५००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६००० थेट खात्यात येतात. आमच्या पोळ्यावाल्या मावशींच्या सुनेचे पैसे खात्याला आधार लिंक नसल्यानं अडकले होते, तेवढं आधी बघून घ्या.

बापाचं काय? सेंट्रल गव्हर्नमेंटवाल्यांना १५ दिवस मिळतात, खाजगीत कायदाच नाही, कंपनीची मर्जी. यांनी पहिल्या वेळी आठ दिवस पीएल (साठलेली पगारी रजा) काढली आणि सगळी दवाखान्यातच घालवली, जिथं माझी आई, मावशी, आत्या अशी फौज होती आणि हे मिरजेत चहा आणत फिरत होते. दुसऱ्या वेळी तीन दिवस तेव्हा घेतले आणि सहा दिवस मी कामावर परत गेले त्या आठवड्यात. बाळाला पहिल्यांदा दिवसभर बापानं एकट्यानं सांभाळलं. संध्याकाळी घरी आले तर पोरगं हसतंय आणि हे भिंतीला टेकून बसलेत, तोंडातनं शब्द नाही.

परत जायच्या दोन-तीन आठवडे आधी दूध काढून ठेवायची सवय करा, पंप भाड्यानं मिळाला तरी पार्ट्स स्वतःचे घ्या. फ्रीजमध्ये मागच्या बाजूला चार दिवस टिकतं, दारातल्या कप्प्यात ठेवू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ओट्यावर तर अजिबात नको. गरम करायचं ते कोमट पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून, गॅसवर नाही, आणि बाळाचं उष्टं उरलेलं फेकायचं, सासूबाईंना जिवावर येतं पण सांगा. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा पडला आम्हाला, आणि पहिले चार दिवस तुम्ही घरात असताना दुसऱ्यानं पाजायचं, तुम्ही मात्र वरच्या खोलीत, आवाजही येता कामा नये, नाहीतर ते पीत नाही.

कामावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन जादा ब्रेक मिळतात. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसात चार वेळा जाऊन यायची मुभा. आमच्यात चाळीसच माणसं, त्यामुळं पाळणाघर नाही, मग मी स्टोअरची मागची खोली मागून घेतली, आतनं कडी बसवून घेतली आणि दारावर "स्टॉक चेकिंग सुरू आहे" अशी पाटी लावली. अजून लावलेली आहे, आता दुसरी एकजण वापरते.