'तीनशे पोर्टलवर बातमी' विकत घेण्याआधी: लहान उद्योगासाठी प्रेस नोट वितरण सेवा कशी निवडावी

साताऱ्याकडचे एक घाणेवाले माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या हातात एका वितरण सेवेचं, म्हणजे पैसे घेऊन प्रेस नोट ठिकठिकाणी लावून देणाऱ्यांचं, कोटेशन होतं. 'तीनशेहून अधिक पोर्टलवर हमखास बातमी.' यांचा धंदा लाकडी घाण्यावरच्या शेंगदाणा आणि करडई तेलाचा. कामाला तीन माणसं, गिऱ्हाईक सातारा-कराडचं, थोडं पुण्यातलं. मी विचारलं, "या यादीतलं तुम्ही स्वतः काय वाचता?" त्यांचं बोट वरून खाली फिरलं, दोन नावांवर थांबलं. तेही नाव ओळखीचं वाटलं म्हणून.

मी काही वर्षं एका वृत्तपत्राच्या जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर होतो, आता छोट्या उद्योगांच्या प्रेस नोट लिहून देतो. दोन्हीकडून पाहिल्यावर मला पटलेला क्रम असा आहे.

पहिलं काम: कोणी वाचायला हवं ते ठरवा

कागदावर एकच ओळ लिहा. ही बातमी वाचून कोणी काय करावं? गिऱ्हाइकानं दुकानात यावं? वितरकानं फोन करावा? कर्ज देणाऱ्या बँकेला किंवा परदेशी आयातदाराला गुगलवर तुमचं नाव सापडावं? शेवटच्या कामासाठी पैसे मोजून घेतलेली सेवा खरंच उपयोगी पडते. पहिल्यासाठी क्वचितच. कराडच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचायला जिल्हा पानावरच्या चार ओळी पुरतात, आणि त्यासाठी वितरण सेवा लागत नाही. तालुक्याच्या वार्ताहराचा नंबर लागतो.

मुळात बातमी आहे का, हेही याच वेळी तपासा. नवं युनिट, निर्यातीची पहिली ऑर्डर, वीस जणांची भरती, या बातम्या झाल्या. 'ग्राहकसेवेस कटिबद्ध' ही बातमी नव्हे. डेस्कवर दुपारी चारनंतर मेलचा ढीग साचायचा आणि 'मान्यवरांच्या हस्ते' असा विषय असलेल्या नोटा न उघडताच खाली जायच्या.

दुसरं: समोरचा नेमकं काय विकतोय ते ओळखा

'वितरण' या एका शब्दाखाली निदान तीन वेगळे माल विकले जातात. एक म्हणजे वायर सेवा. पीआर न्यूजवायर १९५४ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाली, बिझनेस वायर १९६१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला. ही नावं भारतातही दिसतात. कंपन्यांची निवेदनं वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत आणि संकेतस्थळांवर थेट पोचवणं हे त्यांचं मूळ काम. आपल्याकडे पीटीआयसारख्या वृत्तसंस्थेमार्फतही अशी निवेदनं जातात, पण खाली स्पष्ट टीप असते: हे निवेदन अमुक सेवेशी झालेल्या व्यवस्थेतून आलं आहे, संपादकीय जबाबदारी आमची नाही. म्हणजे नाव पीटीआयचं दिसलं तरी पीटीआयच्या बातमीदारानं ती बातमी केलेली नसते. विक्रेता मात्र कात्रण दाखवताना ही टीप अंगठ्याखाली झाकतो.

दुसरा माल म्हणजे पोर्टलचं पॅकेज. हा बहुतेकदा कुठून तरी घाऊक घेऊन किरकोळ विकलेला असतो. तिसरा म्हणजे तुमच्या शहरातला प्रसिद्धीचं काम करणारा माणूस, ज्याच्याकडे वार्ताहरांचे फोन नंबर आहेत आणि ज्याचा फोन वार्ताहर उचलतात. लहान उद्योगाला बहुतेक वेळा हा तिसराच हवा असतो, पण त्याच्याकडे चकचकीत संकेतस्थळ नसतं.

तिसरं: जुन्या बातमीवर सेवेची परीक्षा घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. अर्धा तास लागतो, खर्च शून्य.

सेवेनं तीन-चार महिन्यांपूर्वी सोडलेली, तुमच्यासारख्याच एखाद्या छोट्या उद्योगाची प्रेस नोट मागून घ्या. त्यांना निवडू देऊ नका, तुम्ही निवडा. तिच्या मधल्या परिच्छेदातलं एखादं लांब वाक्य उचला, दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं लावा आणि गुगलवर शोधा. तीनशे ठिकाणी लागलेल्या बातमीचे प्रत्यक्षात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निकाल दिसले तर दचकू नका, तसं होतं. एकच मजकूर अनेक ठिकाणी असला की गुगल सारख्या प्रती सहसा एकत्र गुंडाळतं, आणि कितीतरी पानं त्याच्या नोंदीत नसतातच.

जे निकाल दिसतील ते उघडा. बातमी मुख्य विभागात आहे, की 'प्रेस रिलीज' किंवा 'ब्रँड'सारख्या कोपऱ्यातल्या कप्प्यात? त्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानावरून टिचक्या मारत तिथवर पोचता येतं का? येत नसेल, तर तिथे वाचक येतो तो फक्त तुम्ही पाठवलेल्या लिंकवरून. शेवटी त्या उद्योगाचं नुसतं नाव शोधा. पहिल्या पानावर ही बातमी दिसते का, एवढंच पाहा.

आता विक्रेत्याच्या अहवालातल्या 'संभाव्य वाचक: कोटींमध्ये' या आकड्याकडे वळा. हा आकडा बहुधा सगळ्या संकेतस्थळांच्या महिन्याभराच्या एकूण वाचकांची बेरीज असतो. तुमची बातमी त्यांतल्या किती जणांनी उघडली, हे त्यात कुठेच नसतं. एसटी स्टँडवर दिवसभरात उतरलेली सगळी माणसं आपल्या दुकानाची गिऱ्हाइकं म्हणून मोजावीत, तसलाच हा हिशेब. लेखी विचारा: प्रत्यक्ष उघडलेल्या वाचनांचा आकडा द्याल का?

'बॅकलिंक (दुसऱ्या संकेतस्थळांवरून तुमच्या संकेतस्थळाकडे येणाऱ्या लिंक) मिळतील, गुगलवर वर याल' असं आमिष असेल तर तिथेच थांबा. प्रेस नोटमध्ये मुद्दाम ठरावीक शब्दांवर पेरलेल्या लिंक गुगलनं २०१३ पासून गैरप्रकारांच्या यादीत धरल्या आहेत. पैसे देऊन मिळवलेल्या लिंकवर तशी खूण असावी, हाही त्यांचा नियम आहे, आणि खूण केलेल्या लिंकवर क्रमांकासाठी भिस्त ठेवता येत नाही.

चौथं: मराठीचा नमुना मागा

घाणेवाल्यांच्या कोटेशनमध्ये 'प्रादेशिक भाषांत अनुवाद मोफत' होता. नमुना मागवला. इंग्रजीतल्या 'कोल्ड प्रेस्ड ऑइल'चं मराठी आलं 'थंड दाबलेले तेल'. घाणेवाले आधी हसले, मग गप्प झाले, कारण खाली त्यांचं नाव होतं.

मराठी नोट स्वतः लिहा किंवा इथल्या माणसाकडून लिहून घ्या. पाठवताना युनिकोडमधला साधा मजकूर थेट मेलमध्ये चिकटवा. जुन्या फाँटमधली फाइल दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हांची रांगोळी होऊन उघडते, आणि लेटरहेडचा फोटो पाठवला तर उपसंपादकाला सगळं पुन्हा टाइप करावं लागतं. तो करत नाही. फोटो वेगळा जोडा, कोलाज नको.

पाचवं: पैसे आणि कायदा

दर विचारताना तो जीएसटीसह विचारा. अशा सेवेवर १८ टक्के लागतो. तुम्ही कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीची ठोक दराची जीएसटी योजना) असाल तर त्याची वजावट मिळत नाही, म्हणजे तो पूर्ण खर्चच. शब्दमर्यादा, फोटोचे वेगळे पैसे, चूक सापडली तर दुरुस्ती किती तासांत, बातमी किती महिने राहणार, हे मेलवर लेखी घ्या. वर्षाचं पॅकेज पहिल्याच भेटीत घेऊ नका. वर्षात बारा बातम्या तुमच्याकडे आहेत का?

'मोठ्या पेपरात बातमी म्हणून छापून आणतो, हमी' असं कोणी म्हणालं तर ती एक तर जाहिरात आहे किंवा पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन बातमीच्या वेषात छापलेली जाहिरात. जाहिरात हवी असेल तर सरळ जाहिरात विभागात जा.

मजकुराची जबाबदारी शेवटी तुमच्यावरच येते. 'मधुमेह बरा होतो' असा औषधी दावा १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात अडकवू शकतो, मग तो प्रेस नोटमध्ये का असेना. गृहप्रकल्पाची प्रसिद्धी असेल तर महारेरा क्रमांक घाला.

सहावं: आधी स्वतः पाठवून पाहा

जिल्हा आवृत्त्या, शेती आणि उद्योगाच्या पुरवण्या, स्थानिक यूट्यूब वाहिन्या मिळून दहा-पंधरा पत्त्यांची यादी करा. सकाळी पाठवा, अकरापर्यंत एक फोन करा, आग्रह करू नका. ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, डायरी आणि मिठाई पाठवणारे पुष्कळ असतात. वार्ताहरानं माहिती विचारायला फोन केला की त्यांच्यातले निम्मे उचलत नाहीत. नोटेखाली दिलेला नंबर त्या दिवशी चालू ठेवा.

घाणेवाल्यांनी कोटेशन परत केलं आणि अकरा पत्त्यांवर मेल पाठवले. दोन ठिकाणी चार-चार ओळी लागल्या, आठ ठिकाणांहून काहीच आलं नाही. एका पुरवणीतून फोन आला, फोटोग्राफर पाठवतो म्हणाले, आणि विचारलं, "घाणा बैलावर आहे ना?" मोटरवर आहे म्हटल्यावर पलीकडचा आवाज जरा हिरमुसला. पण फोटोग्राफर आला.