लीटर-मिलिलीटर शिकवताना या चुका टाळा

चौथीच्या वह्या तपासायला घेतल्या की एक उत्तर हमखास भेटतं: ३ लीटर ५० मिली = ३५० मिली. शिक्षक लाल फुली मारतात, शेजारी ३०५० लिहितात आणि शेरा देतात, ‘नीट लक्ष दे’. पण मुलाचं लक्ष पूर्ण होतं. आधी रुपये-पैसे झाले, तिथे ३ रुपये ५० पैसे म्हणजे ३५० पैसे. मग मीटर-सेंटिमीटर झालं, तिथेही ३५०च. दोन्हीकडे शंभराचा हिशेब चालला, म्हणून त्याने तोच पुढे नेला. इथे शंभर नाही, हजार आहेत, हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

या चुकीला खतपाणी घालतो तो लाडका नियम: ‘लीटरचे मिली करायचे? तीन शून्यं लावा.’ ५ लीटरचे ५००० होतात, मुलं खूश, तास वेळेत संपतो. पुढच्या आठवड्यात ३ लीटर ५० मिली आलं की शून्यं कुठे लावायची हेच कळत नाही. कुणी ३५० लिहितं, कुणी ५०वर तीन शून्यं चढवतं, कुणी ३००० आणि ५० शेजारी शेजारी ठेवून ३०००५० करतं. पाचवीत दशांश अपूर्णांक आले की २.५ लीटरचे २.५००० मिली होतात. पहिल्याच दिवशी हा नियम सांगून मोकळं होणं म्हणजे मुलाचं नुकसान करणं, असं माझं ठाम मत आहे. पुरेसं मोजून झालं की तीन शून्यांची गंमत मुलं स्वतःच येऊन सांगतात. तोवर धीर धरा.

मोजायला फार काही लागत नाही. एक बादली, १०० मिलीचं दुधाचं माप, नरसाळं, फडकं आणि सरळ बाजूंची एक लीटरची पारदर्शक बाटली. पाण्यात कुंकवाची चिमूट टाका, पातळी लांबूनही दिसते. बाटलीला उभी कागदी पट्टी चिकटवा. एक माप ओतलं की पट्टीवर रेघ, दुसरं ओतलं की दुसरी. चार-पाच मुलांचा गट करा आणि ओतणारा दर मापाला बदला, नाहीतर एकच चुणचुणीत मूल सगळं उरकतं आणि बाकीचे बघत बसतात. गळ्याजवळ रेघा लांब लांब पडू लागतात आणि कुणीतरी विचारतंच, ‘बाई, माप तेच आहे ना?’ उत्तर लगेच देऊ नका. बाटली तिथे अरुंद झाली, म्हणून तेवढंच पाणी जास्त उंच चढतं, हे त्यांना बोट लावून शोधू द्या.

त्यानंतर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीबरोबर येतं ते छोटं झाकण घ्या, ५ मिलीच्या खुणेचं. शंभरचं माप भरायला अशी २० झाकणं लागतात. ती मुलांनी खरोखर ओतावीत. लीटरला अशी दहा मापं, म्हणजे २०० झाकणं, आणि २०० × ५ = १०००. वीस झाकणं ओतून हात दुखलेलं मूल ३ लीटर ५ मिलीला ३५ मिली म्हणत नाही. ३५ मिली म्हणजे फक्त सात झाकणं, हे त्याने मोजलेलं असतं.

मग वहीत चौकटी आखा: लीटर, आणि मिलीसाठी शतक, दशक, एकक. मिलीच्या घराला खोल्या तीनच, आणि एकही रिकामी ठेवायची नाही. ३ लीटर ५० मिली म्हणजे ३ | ० | ५ | ०. २ लीटर ५ मिली म्हणजे २ | ० | ० | ५. उलट जाताना ४०७५ मिलीचे ४० लीटर ७५ मिली होणंही याने थांबतं, कारण मागून तीन अंक मिलीच्या घरात गेले की लीटरला ४ एवढाच उरतो.

वजाबाकीतली हातचा घेण्याची चूकही याच मुळाची. ५ लीटर २०० मिलीतून २ लीटर ७५० मिली काढताना एक लीटर सुटा केला की १००० मिली मिळतात, १०० नाहीत. मग १२०० − ७५० = ४५०, आणि उत्तर २ लीटर ४५० मिली.

‘मोठ्याकडून लहानाकडे गुणाकार, लहानाकडून मोठ्याकडे भागाकार’ हे पाठ करून घेऊ नका. त्याऐवजी ‘आकडा वाढेल की कमी होईल?’ एवढंच विचारा. लहान मापाने मोजलं तर जास्त वेळा ओतावं लागतं, हे मुलांनी पाहिलेलं असतं.

आपल्या भाषेतली मापं वापरत नाहीत याचं मात्र वाईट वाटतं. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द दूध आणायला जाणाऱ्या मुलाला घरातच मिळालेले असतात. पाऊण लीटर म्हणजे ७५० मिली, पावणेदोन म्हणजे १७५०. १.५ लीटरला ‘एक लीटर पाच मिली’ म्हणणाऱ्या मुलाला ‘दीड’ म्हणायला लावा, चूक तिथेच दुरुस्त होते.

बाकी बारीकसारीक. पातळी वाचताना बाटली टेबलावर ठेवून डोळा रेषेत आणायचा, वरून पाहिलं तर पाणी जास्त वाटतं. विकतची बाटली काठोकाठ भरू नका, तिच्यावर लिहिलेलं माप काठाच्या खालीच संपतं. एकक न लिहिलेलं उत्तर अर्धंच धरा. लीटर आणि किलो एकच, असं चुकूनही म्हणू नका: पाण्याचा एक लीटर जवळपास एक किलो भरतो, पण खाद्यतेलाच्या एक लीटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम छापलेलं असतं. ती रिकामी पिशवी धुऊन वर्गात आणा आणि मुलांनाच वाचायला द्या.